ओट्यातले लाल ठिपके आणि शांत दिसणारे खडक

गेल्या अंकात या सदराच्या शेवटी मी लिहिलं होतं, 'पुढच्या वेळी रूपांतरित खडकांवर विचारा.' संपादक हसले होते. खानदेशात सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत बेसाल्टच बेसाल्ट, आणि बेसाल्ट दिसत नाही तिथे तापीचा गाळ. रूपांतरित खडकावर इथून कोण काय विचारणार? पण पत्रं आली, फोटो आले, साक्रीकडच्या एका वाचकाने तर एस.टी.च्या पार्सलने दगडच पाठवला. त्यातली पाच पत्रं घेतो.

प्रश्न : सर, आम्ही नवीन घर बांधलं. स्वयंपाकाच्या ओट्याला जळगावहून पांढरा ग्रॅनाइट आणला. बसवून झाल्यावर लक्षात आलं की त्यात जागोजागी लाल ठिपके आहेत. गवंडी म्हणतो, "हाऊ दगड खराब शे, याले गंज लागेल शे." दुकानदार म्हणतो नैसर्गिक आहे. सासूबाई म्हणतात, परत करा. फोटो जोडला आहे. काय करू?
– एक भगिनी, अमळनेर

उत्तर : ताई, दगड परत करू नका. सासूबाईंना सांगा, ओट्यात गार्नेट बसलेत आणि त्यांचे वेगळे पैसे लागलेले नाहीत. ज्योतिषी बोटात घालायला सांगतात तो गोमेद याच गार्नेटच्या कुटुंबातला. तुमच्याकडचा त्याचा लाल भाऊ. अंगठीच्या कामाचा नाही, कारण आत भेगा फार. पण खराब मुळीच नाही.

फोटोत पांढरट दगड, त्यात राखाडी पट्ट्या आणि २ ते ४ मिलिमीटरचे लाल दाणे दिसतात. बाजारात याला 'कश्मीर व्हाइट' म्हणतात. काश्मीरशी त्याचा काडीचा संबंध नाही, तो तामिळनाडूतून, मदुराईकडून येतो. आणि भूशास्त्राच्या हिशेबाने तो ग्रॅनाइटही नाही. दगडाच्या धंद्यात जो कडक असतो आणि पॉलिश घेतो तो ग्रॅनाइट. त्याच दुकानात सोनेरी टिकल्यांचा काळा 'ब्लॅक गॅलक्सी' असेल, तो आंध्रातल्या चिमकुर्तीचा, गॅब्रोच्या, म्हणजे जमिनीखाली सावकाश गोठलेल्या काळ्या खडकाच्या, जातीचा. मी धंद्याला नावं ठेवत नाही. बिलावर 'गार्नेटयुक्त ग्रॅन्युलाइट' असं छापलं तर गिऱ्हाईक पायरीवरूनच माघारी फिरेल.

ग्रॅन्युलाइट हा रूपांतरित खडकांमधला वरच्या इयत्तेतला. तो तयार होतो जमिनीखाली साधारण २० ते ३५ किलोमीटरवर, ७०० अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानात. त्या तापमानाला बरेच खडक वितळायच्या बेतात असतात, थोडे वितळतातही. काळा अभ्रक तिथे तग धरत नाही. तो मोडतो, त्यातलं लोह आणि मॅग्नेशियम गार्नेटमध्ये जाऊन बसतं आणि पाणी त्या थोड्याशा वितळलेल्या रसात उतरतं. तुमच्या ओट्यावर एखाद्या लाल दाण्याभोवती नीट बघा, बहुधा पांढरी कड दिसेल. तिथला काळा अभ्रक संपलाय, तो गार्नेटच्या पोटात गेलाय. गवंड्याला गंज वाटला तो हा लाल दाणा, आणि त्याच्या भोवतीच दगड सगळ्यात पांढरा आहे.

आता दुसरी गोष्ट. ओट्याच्या वरच्या बाजूला बघू नका, खाली वाकून कडेला बघा, जिथे गोलाई मारून पॉलिश केलंय. वरती राखाडी डाग वेडेवाकडे, पसरट दिसतात. कडेला तेच डाग लांबट, एका दिशेला धावणाऱ्या पट्ट्या झालेले दिसतील, निदान एका तरी कडेला. तो क्वार्ट्झ, आपली गारगोटी. मुळात त्याचे साधे दाणे असतात, ते दाबाखाली ओढले जाऊन अशा फिती होतात. इतका कडक दगड ओढला कसा जातो, असं मनात येईल. गुऱ्हाळात बघितलं असेल: गार झालेल्या ढेपेवर बत्ता मारला की तुकडे उडतात, आणि तोच गूळ काहिलीत असताना उलथन्याने उचलला की तार निघते. खडकाचंही तसंच, फक्त त्याची काहील फार खोल असते आणि ओढणारा हात लाखो वर्षं थकत नाही.

गंजाची भीती मात्र अगदीच खोटी नाही. गार्नेटमधलं लोह स्फटिकाच्या रचनेत घट्ट बसलेलं असतं, लिंबा-चिंचेने ते सुटत नाही. पण दगडात उरलासुरला अभ्रक आणि लोहाची इतर बारीक खनिजं असतात. काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला गवंडी अॅसिड मारतात, त्याने ही खनिजं सुटतात आणि काही महिन्यांनी दगडावर पिवळी झाक चढते. अॅसिड मारू देऊ नका. साधं पाणी, भांड्यांचा साबण, आणि दुकानात सीलर मिळतो त्याचा एक हात. नाहीतर पांढऱ्या दगडात हळदीचं तेल मुरतं, आणि खानदेशी स्वयंपाकात तेल किती सुटतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : सर, फील्डला आम्ही तामिळनाडूतून चार्नोकाइट आणि खोंडालाइटचे नमुने आणले. थिन सेक्शन बघितले तर क्वार्ट्झमध्ये अंड्युलोज एक्स्टिंक्शन भरपूर आहे. फेल्डस्पारचे दाणे मात्र स्वच्छ, सरळ कडांचे, १२० अंशांत मिळणारे. गाइड मॅडम म्हणतात, क्वार्ट्झ बघा, तीव्र विरूपण झालंय. माझा पार्टनर म्हणतो, फेल्डस्पार बघा, विरूपण झालंच नाही. रिपोर्टमध्ये काय लिहू?
– एम.एस्सी.चा विद्यार्थी, धुळे

उत्तर : मॅडमचा निष्कर्ष बरोबर आहे, पण पुरावा चुकीच्या दाण्यातून काढलाय. पार्टनरने दाणा बरोबर निवडला आणि वाचला उलटा. या एका प्रश्नावर मी वर्गात एक अख्खा आठवडा घालवत असे, तेव्हा इथेही जरा जास्त जागा घेणार.

आधी इतर वाचकांसाठी. चार्नोकाइट आणि खोंडालाइट हे ताईंच्या ओट्याच्याच इयत्तेतले खडक, फेल्डस्पार हे त्यांतलं एक मुख्य खनिज, आणि विरूपण म्हणजे दाबाखाली खडकाचा आकार बदलणं. खडकाची चकती कापून काचेवर चिकटवतात आणि कार्बोरंडमच्या पुडीवर घासत घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत पातळ करतात. हीच थिन सेक्शन, म्हणजे स्लाइड. इतका पातळ झाला की काळा दगडसुद्धा उजेड आरपार सोडतो. जाडी जमली की नाही हे क्वार्ट्झच सांगतो: एकमेकांना आडव्या धरलेल्या दोन पोलरायझरांमध्ये (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड सोडणाऱ्या काचांमध्ये) तो राखाडी-पांढरा दिसला पाहिजे. पिवळा दिसला तर अजून घासायचं. हेन्री सॉर्बी या इंग्रजाने १८५० च्या दशकात हे तंत्र खडकांना लावलं तेव्हा लोकांनी त्याची टिंगल केली, की डोंगर काय सूक्ष्मदर्शकातून बघायचे असतात! आज ज्याने स्लाइड बघितली नाही त्याने खडकाचं नाव सांगितलेलं आम्ही मनावर घेत नाही.

स्लाइड फिरवली की क्वार्ट्झचा प्रत्येक दाणा दर ९० अंशांनी काळा होतो. धडधाकट दाणा सगळाच्या सगळा एकदम विझतो. वाकलेला दाणा एका बाजूने विझायला लागतो आणि काळी सावली त्याच्यावरून सरकत जाते. ते अंड्युलोज एक्स्टिंक्शन. स्फटिकातली अणूंची जाळी वाकलीय, एवढाच त्याचा अर्थ.

आता तापमानाचा हिशेब कर. क्वार्ट्झ साधारण ३०० अंशांच्या आसपास नरम पडायला लागतो. फेल्डस्पारला ४५० ते ५०० अंश लागतात. तुझा खडक ७००-८०० अंश बघून आलाय. तिथे क्वार्ट्झची जाळी अशी हळुवार वाकलेली राहूच शकत नाही, कारण त्या उष्णतेत दाण्यांच्या सीमा सरकतात, ताणलेला भाग गिळला जातो आणि त्याच्या जागी ताण नसलेला नवा दाणा येतो. मग तुझ्या स्लाइडमधलं वाकणं कधीचं? खडक वर येताना, निवताना, ३००-४०० अंशांवर कुणीतरी एक शेवटचा धक्का दिला तेव्हाचं. फेल्डस्पारला तो कळलाही नाही, क्वार्ट्झ तेवढा वाकला. म्हणजे स्लाइडमध्ये सगळ्यात आधी डोळ्यांत भरणारी खूण ही सगळ्यात शेवटच्या आणि सगळ्यात किरकोळ घटनेची आहे. त्यावरून 'तीव्र विरूपण' लिहिलं तर परीक्षक सोडणार नाही, आणि सोडूही नये.

दुसरीकडे ते १२० अंश. शेजारी-शेजारी तीन दाणे असले आणि त्यांच्या सीमांना हलायची मोकळीक असली, तर सीमांवरची ऊर्जा कमीत कमी व्हावी म्हणून तिन्ही कोन सारखे होतात. याला वेळ लागतो आणि भरपूर उष्णता लागते. विरूपण झालंच नाही असा त्याचा अर्थ नाही. विरूपण थांबल्यावरही खडक बराच काळ तापलेला राहिला, एवढंच ते सांगतं. जितका जास्त रगडला गेला तितका जास्त भोगलेला दिसेल, हा नियम माणसांना लागू असेल, खोलवरच्या खडकांना नाही. खालच्या इयत्तेतला खडक प्रत्येक ओरखडा जपून ठेवतो. वरच्या इयत्तेतला स्वतःचे व्रण स्वतः भरून काढतो आणि चेहरा कोरा करून तुझ्यासमोर येतो. पार्टनर त्या कोऱ्या चेहऱ्याला भुलला. आणि हो, स्लाइड म्हणजे दाण्यांचा आडवातिडवा काप, त्यात प्रत्येक कोन १२० भरणार नाही. पुष्कळ कोन मोजायचे आणि सरासरी बघायची. तीन कोन मोजून 'समतोल पोत' लिहिणारे रिपोर्ट मी ढिगाने वाचलेत.

मग तीव्र विरूपणाचा पुरावा कुठे शोधायचा? जिथे उष्णतेचा हात पोहोचला नाही तिथे.

पहिली जागा क्वार्ट्झच्या फिती. अमळनेरच्या ताईंना वर सांगितल्या त्याच. आतून त्या नव्या स्फटिकांच्या झालेल्या असतील, दाणे स्वच्छ असतील, पण फितीचा लांबट आकार उष्णतेला सहज पुसता येत नाही, कारण दोन्ही बाजूंनी फेल्डस्पारने तिला कोंडलेलं असतं. लांबी-रुंदीचं गुणोत्तर मोज. तुझ्या रिपोर्टमधला विरूपणाचा खरा आकडा तो. फितीतल्या क्वार्ट्झमध्ये बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटी विझण आहे का तेही बघ. ती चौकट म्हणजे जाळी दोन दिशांनी घसरली होती, आणि हे फार वरच्या तापमानाला, साधारण हाय-क्वार्ट्झच्या (वरच्या तापमानातल्या क्वार्ट्झची वेगळी रचना) पट्ट्यात घडतं. जमिनीवर क्वार्ट्झचा तो पालट ५७३ अंशांना होतो. खोलात दाब वाढतो तशी ही सीमाही वर सरकते, दर किलोबारला (हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट) २५ अंशांच्या हिशेबाने. ८ किलोबारला किती होतं ते तूच काढ. चौकट मिळाली तर ती गरम असतानाची खूण, नुसती सरकती सावली मिळाली तर गार होतानाची. दोन्ही एकाच स्लाइडमध्ये सुखाने नांदतात.

दुसरी जागा, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची, गार्नेटचं पोट. खोंडालाइटची स्लाइड घे. गार्नेट लगेच ओळखू येईल: दोन पोलरायझरांमध्ये तो कसाही फिरवला तरी काळाच राहतो, आणि साध्या उजेडात फिकट गुलाबी, भेगाळलेला, बाजूच्या खनिजांपेक्षा उठून दिसतो. साध्या उजेडात त्याच्या आत बघ. सिलिमनाइट या खनिजाच्या सुया दिसतील, केसाहून बारीक, आणि बहुतेक वेळा एका ओळीत. आता गार्नेटच्या बाहेर बघ. बाहेरही सिलिमनाइटच्या ओळी असतील, गार्नेटला वळसा घालून जाणाऱ्या. आतली ओळ आणि बाहेरची ओळ एकाच रेषेत आहेत का? असतील तर गार्नेट त्या पट्ट्यांवरच शांतपणे वाढला. आतली ओळ बाहेरच्या ओळीला तिरपी असेल तर आत एक जुनं विरूपण बंद करून ठेवलंय. बाहेरच्या खडकाने ते केव्हाच पुसून टाकलंय, गार्नेटने तेवढं वाचवलंय. आत कायनाइट आणि बाहेर सिलिमनाइट मिळालं तर नशीबच उघडलं म्हणायचं, कारण रासायनिक घटक तेच, पण कायनाइट जास्त दाबाचा आणि सिलिमनाइट जास्त उष्णतेचा. खडक कुठल्या वाटेने आला ते त्या एका दाण्यात लिहिलेलं असतं.

आतल्या ओळी नागमोडी असल्या तर पोरं लगेच लिहितात, 'गार्नेट फिरला.' फिरला असेल. गार्नेट जागच्या जागी असताना भोवतालचा खडक वळला असेल, हेही शक्य आहे, आणि यावर भूशास्त्रज्ञ १९८० च्या दशकापासून भांडताहेत. एका गार्नेटवरून तू तो वाद मिटवू नकोस.

तिसरी जागा चार्नोकाइटच्या स्लाइडमध्ये सापडते का बघ. त्यात एक पोलरायझर ठेवून स्लाइड फिरवली की गुलाबीचं हिरवं होणारं खनिज दिसेल, ते हायपर्स्थीन. जिथे गार्नेट आणि क्वार्ट्झ समोरासमोर आले असतील तिथे गार्नेटच्या कडेला हायपर्स्थीन आणि प्लॅजिओक्लेजची (हाही एक फेल्डस्पार) गांडुळासारखी गुंतवळ दिसते, सिम्प्लेक्टाइट. खडक गरम असतानाच त्याच्यावरचा दाब उतरला की गार्नेट असा कडेने मोडतो. ही गुंतवळ इतकी नाजूक असते की जरा रगडली तर तिचा चुरा होऊन दाणे नव्याने मांडले जातात. ती जशीच्या तशी असेल तर दाब उतरल्यानंतर तिथे मोठं विरूपण झालेलं नाही. पट्ट्यांबरोबर ओढली गेली असेल तर झालंय. कुठली घटना आधी आणि कुठली नंतर, हे असं पुराव्याने लावायचं असतं. खडकात तारखा लिहिलेल्या नसतात, क्रम असतो.

चौथी गोष्ट मी दरवर्षी ओरडून सांगत आलो, तरी तुझ्या पत्रात तिचा उल्लेख नाही म्हणून विचारतो. नमुना फोडण्याआधी त्याच्यावर मार्करने उत्तरेचा बाण आणि उताराची खूण काढली होतीस का? स्लाइड पट्ट्यांना काटकोनात आणि खडकावरच्या लांबट रेघांना समांतर कापलीस का? नसेल तर फितींची लांबी, चिरडलेल्या फेल्डस्पारच्या शेपट्या, कुठली बाजू कुठे सरकली, यातलं काहीही खात्रीने सांगता येणार नाही. तामिळनाडूपर्यंतचं भाडं, हॉटेलचा खर्च, हातोड्याचे घाव, सगळं एका बाणाअभावी निम्मं वाया जातं. कापणाऱ्या मशीनवरचा माणूस दगड जसा हातात येतो तसा कापतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही. चकतीवर रेघ तू मारायची.

रिपोर्टच्या प्रस्तावनेसाठी दोन ओळी, कारण तिथे सगळे चुकीचं लिहितात. चार्नोकाइट हे नाव भूशास्त्रज्ञ थॉमस हॉलंडने १८९३ मध्ये दिलं, कोलकात्याच्या सेंट जॉन्स चर्चच्या आवारात ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉब चार्नोकची कबर आहे तिच्या शिळेवरून. शिळा मद्रासजवळच्या दगडाची. खोंडालाइट हे नाव १९०२ मध्ये वॉकरने ओडिशातल्या खोंड आदिवासींवरून दिलं. कोणार्कचं सूर्यमंदिर त्याच दगडाचं. आणि नाइसचा (पट्ट्यापट्ट्यांच्या रूपांतरित खडकाचा) चार्नोकाइट होताना बघायचा असेल तर कर्नाटकात कब्बलदुर्गला जा. करड्या नाइसच्या पट्ट्या मध्येच गडद तेलकट हिरव्या डागात विरून जातात. भूशास्त्रज्ञ पिचमुथूंनी १९६० मध्ये ते दाखवलं, आणि जगभरचे खडकवाले अजून तिथे येऊन त्या डागांसमोर उकिडवे बसतात.

अजून एक, जमलं तर. केरळच्या खोंडालाइटमधल्या गार्नेटमध्ये काही हजारांश मिलिमीटर आकाराचे थेंब सापडलेत. गार्नेट वाढत असताना वितळलेला रस त्यात अडकला आणि आतच गोठून त्याचा इवलासा ग्रॅनाइट झाला. काही थेंब तर काच होऊनच राहिले. हे २००९ मध्ये छापून आलं. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकावर ते ओळखता येणार नाहीत, पण गार्नेटच्या मध्यभागी बारीक ठिपक्यांचा पुंजका दिसला तर 'मळ' म्हणून सोडून देऊ नकोस.

प्रश्न : आमच्या शिवारात काळ्या दगडाची नैसर्गिक भिंत आहे, कोसभर सरळ जाते. दगड आडव्या खांबांसारखे बसलेले आहेत. हा दाबाने तयार झालेला रूपांतरित खडक आहे का? तुकडा पार्सलने पाठवत आहे.
– एक शेतकरी, साक्री

उत्तर : दादा, पार्सल मिळालं. कंडक्टरने दोनदा विचारलं की यात आहे तरी काय.

नाही, तो रूपांतरित नाही. ती डाइक आहे. धुळे-नंदुरबार पट्ट्यात अशा भिंती शेकड्यांनी आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा येत होता त्या काळात जमिनीला भेगा पडल्या, त्यांत रस भरला, गोठला; बाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि भिंत उभी राहिली. खांब आडवे का? गोठताना खांब थंड बाजूला काटकोनात वाढतात. लाव्हाच्या थराला थंड बाजू वर आणि खाली, म्हणून तिथे खांब उभे. तुमच्या भिंतीला थंड बाजू डावी-उजवी, म्हणून आडवे.

तुकड्याची स्लाइड करून बघितली. फेल्डस्पारच्या काड्या कशाही, कुठल्याही दिशेने पडलेल्या, मधल्या जागेत ऑगाइट हे काळं खनिज. एकही काडी वाकलेली नाही, एकही ओळ नाही. गोठला त्या दिवसापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. धुळ्याच्या विद्यार्थ्याने ही स्लाइड मागून घ्यावी, विरूपण नसलेला खडक खरोखर कसा दिसतो ते कळेल. फार तर भिंतीला चिकटलेली माती तेवढी भाजून विटकरी झालेली असेल. तेवढंच रूपांतर.

प्रश्न : केळीसाठी बोअर मारला. आधी पिवळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण लागला. बोअरवाला म्हणाला, आता खाली पाताळापर्यंत हेच. खरं का?
– यावल तालुक्यातून

उत्तर : भाऊ, बोअरवाल्याच्या पाइपापुरतं खरं. पाताळापुरतं नाही.

काळा पाषाण कुठेतरी संपतोच. महाराष्ट्रात हे नीट बघितलं गेलं ते एका दुःखद कारणाने. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला आणि नंतर तिथे खोल बोअर घेऊन खडकाचे गाभे बाहेर काढले. ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला. त्याखाली थोडा गाळाचा खडक, आणि मग जे लागलं ते वरच्या इयत्तेतलं रूपांतरित: अँफिबोलाइट (ग्रॅन्युलाइटच्या एक पायरी खालचा) ते ग्रॅन्युलाइट दर्जाचं. म्हणजे लाव्हा येऊन पसरला त्याच्या खूप आधी तिथली जमीन कित्येक किलोमीटर झिजली होती, एकेकाळी खोल असलेला खडक उघडा पडला होता, आणि मग त्याच्यावर काळी चादर आली.

तुमच्या तापीकाठी आधी गाळच शेकडो फूट, मग बेसाल्ट. त्याखालचा खडक बघायला यावलमध्ये खणत बसण्यापेक्षा भुसावळला नागपूरची गाडी पकडा. चादर पूर्वेला संपते. भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइटच्या खाणी आहेत, शाळेच्या भूगोलात आपण ते पाठ केलं होतं. भंडारा-बालाघाट पट्ट्यात ग्रॅन्युलाइट जमिनीवर आहे. पाण्याचं विचाराल तर बेसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात असतं. सांधा लागला नसेल तर नुसतं खोल जाऊन पैसे वाया घालवू नका.

प्रश्न : सर, मी नववीत आहे. मला हे विझणारे स्फटिक बघायचे आहेत. शाळेत साधा मायक्रोस्कोप आहे. जमेल का?
– एक विद्यार्थिनी, शिरपूर

उत्तर : जमेल, बेटा. पोलरॉइड चष्म्याच्या दोन काचा किंवा पोलरायझिंग फिल्मचे दोन तुकडे मिळव. सायन्सचं सामान विकणाऱ्या दुकानात फिल्म मिळते. एक तुकडा मायक्रोस्कोपच्या स्टेजखाली, दुसरा वरच्या भिंगावर धर, आणि वरचा फिरवत फिरवत उजेड पूर्ण जाईपर्यंत आण. तिथेच टेपने चिकटव. तुझा पोलरायझिंग मायक्रोस्कोप तयार.

आता मधे काय ठेवायचं? आपल्या नदीची वाळू घेऊ नकोस, बेसाल्टचे दाणे जाड आणि काळे, त्यातून काही दिसत नाही. गल्लीत विचार, कुणी ना कुणी रामेश्वर-कन्याकुमारीला जाऊन आलेलं असतंच, आणि त्यांच्या कपाटात सात रंगांच्या वाळूची पुडी पडलेली असते. काही दुकानदार रंगवलेली वाळू विकतात, म्हणून पाण्यात टाकून बघ, रंग सुटला तर नको. न सुटणारी लाल वाळू म्हणजे गार्नेट. वर ज्या खोंडालाइट आणि चार्नोकाइटबद्दल एवढं लिहिलं तेच खडक झिजून ती समुद्रावर आलीय. पांढरे दाणे बहुधा क्वार्ट्झचे. दोन्हीतले सगळ्यात बारीक दाणे चिमूटभर काचपट्टीवर घे, वर ग्लिसरीनचा थेंब टाक, म्हणजे कडा चकाकणार नाहीत.

मग काचपट्टी हळूहळू पूर्ण फिरव. क्वार्ट्झचा दाणा चार वेळा विझेल आणि चार वेळा उजळेल, जाडी कमी-जास्त असल्याने रंगही दाखवेल. एखादा दाणा तुकड्या-तुकड्याने विझला तर तो तुझ्यासाठी वेगळा काढून ठेव. लाल दाणा काळाच राहील. त्याच्या आत मात्र एखादी बारीक सुई उजळताना दिसली, तर वही घेऊन तिचं चित्र काढ, दाणा किती मिलिमीटरचा होता ते लिही आणि मला पाठव. पत्ता सदराच्या खाली आहेच.